त्रैराशिकाचा आचार्य : भास्कराचार्य
(द्वितीय वर्ष कला)

गणित म्हटले की कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्यापैकी कित्येकांनी तर गणिताचा पिच्छा सुटावा म्हणूनच या शाखेची वाट धरली असेल. पण शाळेत शिकलेले सगळे गणित विसरले तरी एक गोष्ट मात्र कोणी विसरत नाही. ती म्हणजे तिरकस गुणाकार. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना दोन अपूर्णांक मांडायचे, डावीकडचा वरचा आकडा उजवीकडच्या खालच्याने गुणायचा, उजवीकडचा वरचा डावीकडच्या खालच्याने गुणायचा, आणि उरेल तो क्ष. बाजारात, बँकेत, एस.टी.च्या भाड्यात, शेतमजुरीच्या हिशेबात हीच रीत आपल्या उपयोगी पडते. या रीतीचे आपल्याकडचे जुने नाव त्रैराशिक. आजीआजोबांच्या पिढीत जे चार बुके शिकले त्यांच्या तोंडी हा शब्द हमखास असे.

हे त्रैराशिक ज्याने आपल्या विद्येच्या केंद्रस्थानी बसवले आणि त्याच्या आधारावर केशराच्या भावापासून ग्रहांच्या गतीपर्यंत सर्व काही मोजून दाखवले, त्या भास्कराचार्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. ते केवळ गणितज्ञाचे चरित्र नाही. विद्या कोणाकडून कोणाकडे जाते, आणि ती कोणाच्या कामी येते, या प्रश्नाचेही ते चरित्र आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. आपल्या प्राचीन ग्रंथकारांपैकी बहुतेकांचा काळ ठरवताना संशोधकांना डोके खाजवावे लागते. भास्कराचार्यांनी मात्र जन्माचे वर्ष, ग्रंथ लिहिला तेव्हाचे वय, गोत्र, वडिलांचे नाव आणि गावाचे नावसुद्धा सांगितले. हिशेबी माणसाचाच हा स्वभाव! त्यांचे गोत्र शांडिल्य. गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. हे विज्जडविड म्हणजे आजचे कोणते गाव, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. कोणी ते खानदेशात दाखवतात, कोणी बीडला, कोणी विजापूरला. त्या काळी या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि देवगिरीचे यादव हळूहळू वर येत होते.

त्यांचे घराणे विद्येचे. त्रिविक्रम हा या घराण्याचा ज्ञात मूळपुरुष. पुढच्या पिढीतल्या भास्करभट्टाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली होती. त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि मग महेश्वर. हे महेश्वर म्हणजे भास्कराचार्यांचे वडील आणि गुरूही तेच. आपण जे काही शिकलो ते वडिलांच्या पायाशी बसून शिकलो, अशी कृतज्ञता त्यांनी व्यक्त केली आहे. ज्या घरात सहा पिढ्या पुस्तकाचा वास होता, त्या घरात सातवा भास्कर जन्मला. माझ्यासारख्या ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो स्वतःच पहिला, त्याला ही वंशावळ वाचताना थोडा हेवा वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. 'लीलावती' हे अंकगणित, 'बीजगणित' हे नावाप्रमाणेच बीजगणित, आणि 'ग्रहगणित' व 'गोलाध्याय' हे दोन भाग ज्योतिषाचे, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गणिताचे. यातली 'लीलावती' सर्वांत लोकप्रिय झाली, आणि त्रैराशिकाचा मोठा भाग याच पुस्तकात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्रैराशिक हा भास्कराचार्यांचा शोध नव्हे. आर्यभटाने ४९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ही रीत आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ती अधिक विस्ताराने मांडली. हिंदूंच्या या राशींच्या गणितावर अल्बेरुनीने अरबीत एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला होता. तेव्हा भास्कराचार्यांच्या हाती ही रीत आली तीच मुळी सहा शतके वापरून गुळगुळीत झालेली. त्यांनी तिला सुटसुटीत शब्द दिले, मनात घर करतील अशी उदाहरणे दिली आणि तिच्यामागचे तत्त्व उलगडून दाखवले. एखाद्या चांगल्या शिक्षकाचे काम याहून वेगळे काय असते?

रीत अशी. तीन राशी माहीत असतात, चौथी काढायची असते. पहिलीला म्हणायचे प्रमाण, दुसरीला फल, तिसरीला इच्छा. प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. म्हणजे एक रुपयांत असेल तर दुसरीही रुपयांत, एक शेरात असेल तर दुसरीही शेरात. त्या दोन कडांना ठेवायच्या आणि वेगळ्या जातीचे फल मध्ये ठेवायचे. मग फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे. झाले.

'लीलावती'तले केशराचे उदाहरण घेऊ. तीन सप्तमांश निष्काला अडीच पले केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? निष्क हे नाणे आणि पल हे वजन. येथे प्रमाण ३/७, फल अडीच, इच्छा ९. अडीच गुणिले नऊ म्हणजे साडेबावीस. त्याला ३/७ ने भागायचे, म्हणजे सातने गुणून तीनने भागायचे. उत्तर येते साडेबावन्न पले. चार कर्षांचे एक पल होत असल्यामुळे आचार्यांचे उत्तर ५२ पले आणि २ कर्ष असे आहे. आता हेच आपण शाळेतल्या पद्धतीने मांडले तर एका बाजूला प्रमाण व फल यांचे गुणोत्तर येईल, दुसऱ्या बाजूला इच्छा व क्ष यांचे. तिरकस गुणले की प्रमाण गुणिले क्ष बरोबर फल गुणिले इच्छा. म्हणजे आपला तिरकस गुणाकार आणि आचार्यांचे त्रैराशिक यांत फरक फक्त मांडणीचा आहे. आपण बरोबरचे चिन्ह लिहितो, ते राशींची जागा सांगतात.

पण आकडे जागच्या जागी बसवून गुणत सुटणे आचार्यांना मंजूर नव्हते. गुणाकार करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : इच्छा वाढली तर फल वाढते की घटते? वाढत असेल तर साधे त्रैराशिक. घटत असेल तर रीत उलटी करायची. प्रमाणाने गुणायचे आणि इच्छेने भागायचे. याला व्यस्त त्रैराशिक म्हणतात. त्यासाठी त्यांनी धान्याच्या राशीचे उदाहरण दिले आहे. सात आढकांच्या मापाने मोजले तर धान्याची रास १०० मापे भरते. पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती भरेल? माप लहान झाले म्हणजे मापांची संख्या वाढणारच. म्हणून सातशे भागिले पाच, १४० मापे. जो विचार न करता नेहमीची रीत लावेल त्याचे उत्तर ७१ आणि काही अंश असे येईल, आणि धान्य कुठे गेले याचा त्याला पत्ता लागणार नाही. खळ्यावर ज्यांनी मापाचा घोळ पाहिला आहे त्यांना या उदाहरणाचे मोल सांगायला नको.

याच ठिकाणी आचार्यांनी दुसरे एक उदाहरण दिले आहे, तेही सांगितले पाहिजे. सोळा वर्षांच्या स्त्रीला ३२ निष्क किंमत येत असेल तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती? उत्तर २५ पूर्णांक ३/५ निष्क. त्याला जोडूनच बैलाचा प्रश्न आहे. दोन वर्षे जुंपलेल्या बैलाला ४ निष्क, तर सहा वर्षे जुंपलेल्याला किती? उत्तर एक पूर्णांक एक तृतीयांश. स्त्री आणि बैल एकाच दावणीला! त्या काळी माणसांची खरेदीविक्री होत असे आणि तिचे गणित पाठ्यपुस्तकात घालताना इतक्या मोठ्या बुद्धिमंताची लेखणी अडखळली नाही. हे वाचून आपल्या वर्गातल्या भगिनींना राग येईल आणि तो रास्त आहे. आकडेमोड चोख आहे. सोळा भागिले वीस यात काही चूक नाही. पण कशाला किंमत लावायची आणि कशाला नाही, हे त्रैराशिक सांगत नाही. ते समाजाला ठरवावे लागते. म्हणूनच तर गणिताच्या जोडीला इतिहास आणि समाजशास्त्र शिकण्याची गरज आहे, असे मला वाटते.

तीन राशींच्या पुढे पाच, सात, नऊ आणि अकरा राशींची गणिते येतात. येथे तर आपल्या तिरकस गुणाकाराचे मूळ रूपच पाहायला मिळते. एका महिन्यात शंभराला पाच व्याज, तर एका वर्षात सोळांना किती? आचार्य दोन रकाने मांडायला सांगतात. डावीकडे १ महिना, १०० मुद्दल, ५ व्याज. उजवीकडे १२ महिने, १६ मुद्दल, आणि व्याजाची जागा रिकामी. आता डावीकडचे फल, म्हणजे पाच, उजव्या रकान्यात न्यायचे. ज्या रकान्यात राशी जास्त झाल्या त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला कमी राशींच्या गुणाकाराने भागायचे. बारा गुणिले सोळा गुणिले पाच म्हणजे ९६०. त्याला शंभराने भागले की व्याज ९ पूर्णांक ३/५. या बाजूचे त्या बाजूला नेणे, हाच तिरकस गुणाकाराचा आत्मा आहे. याच मांडणीवरून उलट प्रश्नही सुटतात. मुद्दल आणि व्याज ठाऊक असेल तर मुदत काढता येते, मुदत आणि व्याज ठाऊक असेल तर मुद्दल काढता येते.

महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ! आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला हा दर आमच्या खेड्यापाड्यांतल्या माणसांना मुळीच अनोळखी वाटणार नाही. माझ्या आजोबांना अक्षरओळख नव्हती. सावकार जो आकडा सांगेल त्यापुढे अंगठा उठवायचा, एवढाच त्यांचा हिशेब. मुद्दल, मुदत आणि दर या तीन गोष्टी त्यांना तोंडपाठ असत, पण त्यांची सांगड घालून चौथी गोष्ट काढण्याची रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती. पाच राशींची ही मांडणी वहीच्या अर्ध्या पानावर मावते. पण ते अर्धे पान हाती नसल्यामुळे किती घरांच्या जमिनी गेल्या असतील!

आचार्यांच्या सगळ्या उदाहरणांत बाजारपेठेची गजबज आहे. एका द्रम्माला ३०० आंबे आणि एका पणाला ३० डाळिंबे मिळत असतील, तर १० आंब्यांच्या बदल्यात किती डाळिंबे? सोळा पणांचा एक द्रम्म, त्यामुळे उत्तर सोळा डाळिंबे. आणखी एक उदाहरण तर फार गोड आहे. एक वाटसरू वाण्याच्या दुकानात उभा आहे. द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ आणि आठ मापे मूग असा भाव. वाटसरूजवळ आहेत फक्त १३ काकिणी, आणि चौसष्ट काकिणींचा एक द्रम्म होतो. तो वाण्याला सांगतो की एवढ्या पैशांत दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग दे आणि लवकर दे, कारण जेवून लगेच निघायचे आहे, नाहीतर तांडा पुढे निघून जाईल. उत्तर तांदूळ ७/१२ माप आणि मूग ७/२४ माप. त्या वाटसरूची खिचडी शिजली असेल आणि तांडाही गाठला असेल, असे वाचणाऱ्याला वाटत राहते. कोरड्या आकड्यांत असा जीव ओतणारा माणूस कवी असला पाहिजे, आणि भास्कराचार्य खरोखरच कवी होते. 'लीलावती' सबंध श्लोकांत आहे.

येथवरचे सारे व्यवहाराचे झाले. पण भास्कराचार्यांची खरी झेप पुढे आहे. साडेतीन हात उंच दिवा, त्याच्या बुडापासून तीन हातांवर बारा अंगुळे उंचीचा खुंट, तर खुंटाची सावली किती? दिव्याची उंची आणि खुंटाची उंची यांच्या प्रमाणातून सावली निघते आणि ती बरोबर बारा अंगुळे येते. हेही त्रैराशिकच. फक्त केशराच्या जागी प्रकाश आला. आणखी वर गेले की ग्रह येतात. एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, १५,७७,९१,६४,५०,००० दिवस होतात, असे त्यांच्या गणिताचे मान आहे. तेवढ्या दिवसांत एखाद्या ग्रहाच्या अमुक इतक्या फेऱ्या होतात, तर आजपर्यंत गेलेल्या दिवसांत किती झाल्या असतील? दिवस हे प्रमाण, फेऱ्या हे फल, गेलेले दिवस ही इच्छा. ग्रहाचे मध्यम स्थान याच रीतीने मिळते. वाण्याच्या दुकानातली रीत आणि आकाशातली रीत एकच! वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ सोडले तर बाकीचे सारे गणित त्रैराशिकानेच भरलेले आहे, असे आचार्यांचे प्रतिपादन होते. देवाने जसे सारे विश्व व्यापले आहे तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे, अशी उपमाही त्यांनी दिली आहे.

त्यांचा आणखी एक विचार मला फार मोलाचा वाटतो. अंकगणित म्हणजे त्रैराशिक आणि बीजगणित म्हणजे स्वच्छ बुद्धी. मग ज्यांची बुद्धी तल्लख आहे त्यांना अवघड असे काय असणार? म्हणून आपण जे सांगतो आहोत ते मंदबुद्धीच्या लोकांसाठी, असे ते म्हणतात. पहिल्यांदा वाचताना यात थोडा टोमणा वाटतो. पण नीट पाहिले तर त्यांनी खरोखरच मंदांची काळजी वाहिली आहे. स्वतःच्या ग्रंथावर त्यांनी 'वासनाभाष्य' नावाची टीका स्वतःच लिहिली. येथे वासना म्हणजे उपपत्ती. नियम असा का, हे त्यात त्यांनी समजावून दिले आहे. नुसते सूत्र पाठ करणारा विद्यार्थी त्यांना नको होता.

'लीलावती' या नावाभोवती एक करुण कथा प्रसिद्ध आहे. लीलावती ही आचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे टळला, आणि तिचे दुःख हलके व्हावे म्हणून वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, अशी ती कथा. ही कथा आढळते ती अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. आचार्यांनी स्वतः तसे काही लिहिलेले नाही. मात्र त्यांची कित्येक उदाहरणे एखाद्या मुलीला उद्देशून आहेत, एवढे खरे. गणिताच्या पुस्तकात मुलीला प्रश्न विचारला जातो, हीदेखील लहान गोष्ट नव्हे.

११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा पंचांगाच्या गणितासाठी सोपा ग्रंथ लिहिला. उतारवयातही त्यांची दृष्टी वापरणाऱ्याच्या सोयीकडेच होती.

त्यांच्यानंतर त्यांच्या विद्येचे काय झाले, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला, असे त्यात आहे. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्यास मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोईदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. लेखाचा पुढचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला द्यावा, दर घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, मापन मठाच्या मापाने करावे, असा त्याचा आशय आहे.

हा पळीभर तेलाचा उल्लेख माझ्या मनातून जात नाही. ग्रंथ संस्कृतात, पण दान मराठीत. कारण तेल घालणाऱ्याला मराठीच कळत होती. भास्कराचार्यांच्या गणितातला सारा माल या माणसांचा होता. तांदूळ, मूग, आंबे, डाळिंबे, धान्याची रास, सगळे त्यांनी पिकवलेले आणि वाहिलेले. मठाच्या दिव्यातले तेलही त्यांच्या घाण्याचे. पण त्या दिव्याच्या उजेडात बसून त्रैराशिक शिकण्याचा अधिकार त्या काळच्या समाजाने त्यांना दिला नव्हता. हा दोष एकट्या भास्कराचार्यांचा नव्हे, पण तो होता हे विसरून केवळ गौरव करणे बरे नव्हे.

विद्या मात्र मठात कोंडून राहिली नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये 'लीलावती'वर उपपत्तीसह टीका लिहिली. फैजीचे भाषांतर झाले, १६३४ मध्ये 'बीजगणित'ही फारसीत गेले. १८१६ मध्ये टेलर यांचे 'लीलावती'चे इंग्रजी भाषांतर मुंबईत छापले गेले आणि पुढच्याच वर्षी कोलब्रूक यांचे लंडनमध्ये. ७ जून १९७९ रोजी भारताने 'भास्कर' नावाचा उपग्रह आकाशात पाठवला. सातव्या शतकातील पहिला भास्कर आणि आपले भास्कराचार्य या दोघांचे ते स्मारक होते.

पण माझ्या दृष्टीने त्यांचे मोठे स्मारक जिल्हा परिषदेच्या शाळेतील फळ्यावर आहे. तेथे सातवी-आठवीच्या वर्गात शेतकऱ्याचा, मजुराचा, तेल्याचा, मेंढपाळाचा मुलगा आणि मुलगी खडूने दोन तिरक्या रेघा ओढतात आणि क्षची किंमत काढतात. ज्यांच्या पूर्वजांनी दिव्याला तेल पुरवले त्यांच्या हाती आता खडू आहे. आचार्यांनी मंदांसाठी म्हणून जे लिहिले ते खरोखर सर्वांसाठी झाले, त्याला मध्ये आठशे वर्षे जावी लागली. प्रमाण आपल्याला पूर्वजांनी दिले, फल आचार्यांनी दिले. इच्छा मात्र आपली आपणच धरायची आहे. ती जेवढी मोठी, तेवढे उत्तर मोठे.